वादळात पडलेला फणस कापायला पहिल्यांदाच इलेक्ट्रिक चेनसॉ घेतली आहे, काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की घरामागचा फणस वादळात आडवा झालाय, १६ इंची इलेक्ट्रिक चेनसॉ ऑनलाइन मागवलीय, आधी कधी हातात धरलेली नाही, आणि "पेट्रोलवाली नाही म्हणजे धोका तसा कमीच ना?" हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. धोका कमी नाही हो. धूर नाही, दोरी ओढायची नाही, आवाज कमी, त्यामुळे मिक्सरसारखी घरातली वस्तू वाटते एवढंच. चेन तीच, दात तेच. साधारण २००० वॅटच्या मशीनची चेन सेकंदाला १२ ते १५ मीटर पळते, म्हणजे एका सेकंदात तीनशेच्या वर दात एका जागेवरून जातात. तिथे बोट किंवा मांडी आली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

मी श्रीवर्धनकडचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतले माड, पोफळी, दोन आंबे, एक फणस सगळं एका दुपारी झोपलं. लाईट कित्येक दिवस नव्हती, त्यामुळे सुरुवातीचं काम भाड्याच्या पेट्रोल मशीनवाल्यांकडून करून घेतलं आणि उरलेले ओंडके पुढे मी स्वतः इलेक्ट्रिक घेऊन कापले. तेव्हापासून दरवर्षी वापरतोय, तर जे शिकलो ते सांगतो.

सगळ्यात आधी पट्टीचं टोक. ज्या लांब पट्टीवरून चेन फिरते तिच्या टोकाचा वरचा अर्धा भाग कशालाही लागला की दात लाकडात घुसायच्या ऐवजी अडकतो आणि अख्खी मशीन वर आणि मागे, सरळ तुमच्या तोंडाकडे उसळते. याला किकबॅक म्हणतात. माझ्याबरोबर झालंय. आंब्याची मनगटाएवढी फांदी कापत होतो, लक्ष सगळं कापावर, आणि त्या फांदीच्या मागे पाल्यात दुसरा एक ओंडका होता तो मला दिसलाच नाही. टोक त्याला लागलं. मला कळलं तेव्हा पुढचा काळा गार्ड माझ्या डाव्या मनगटावर आपटला होता, खट् असा आवाज झाला होता आणि चेन थांबलेली होती, पट्टी माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर. तो गार्ड म्हणजेच ब्रेक. डावा हात पुढच्या दांड्यावर पक्का होता म्हणून मनगट गार्डला लागलं आणि ब्रेक पडला. एका हाताने धरली असती तर काय झालं असतं हा विचार आजही मला नकोसा वाटतो. तेव्हापासून फांदीच्या मागे काय आहे ते वाकून बघितल्याशिवाय मी बटण दाबत नाही.

म्हणून पकड अशी ठेवा: उजवा हात मागच्या दांड्यावर, डावा पुढच्या, आणि अंगठे दांड्याच्या खालून पूर्ण वळवलेले, नुसते वर टेकवलेले नाही. डावखुरे असाल तरी असंच, कारण मशीन तशीच बनवलेली असते. उभं राहताना पट्टीच्या रेषेत राहू नका, थोडं डावीकडे सरका, म्हणजे उसळली तरी खांद्याच्या बाजूने जाईल. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही. शिडीवर चढून तर अजिबात नाही, आमच्याकडे लोक शिडी लावून एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कापतात, मला ते बघवत नाही. नवीन मशीन आली की आधी रिकामी, दोन्ही हातांनी धरून चालू करा आणि डाव्या मनगटाने गार्ड पुढे ढकला, चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. थांबत नसेल तर ती मशीन परत करा, पैसे गेले तरी चालतील.

याच जोडीला एक सांगतो, कारण तुमच्यासारखेच लोक फसतात. सातआठशे रुपयांत ग्राइंडरला लावायची चेनसॉ पट्टी मिळते, तिच्या भरपूर जाहिराती दिसतात. ती घेऊ नका, कोणी फुकट दिली तरी लावू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, त्याला ना चेनचा ब्रेक, ना मागचा दांडा, ना चेन तुटली तर अडवायला काही. हातात ग्राइंडर धरायची पद्धतच वेगळी आहे, ती उसळली तर धरून ठेवायला काहीच नाही.

आता करंट. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर ९ अँपिअरच्या जवळपास, म्हणजे मोबाईल चार्जरच्या छोट्या सॉकेटचं काम नाही, फ्रिज-गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागेल. एक्स्टेंशन बाजारात मिळते ती पातळ पांढरी वायर नको, २.५ स्क्वेअर एमएमची जाड वायर घ्या, आणि ती रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या वायरमधून एवढा लोड ओढला की ती आतल्या आत तापते आणि वरचं कव्हर वितळतं. गावाकडे व्होल्टेज आधीच कमी, त्यात लांब पातळ वायर, मग मोटर कण्हते, गरम होते आणि आपण लाकडात जोर लावत बसतो. बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच लाईट तोडणारा स्विच, आहे का ते वायरमनला विचारून घ्या, नसेल तर बसवून घ्या. पाऊस असेल, ओलं गवत असेल तर काम बंद, वादळानंतर घाई असते हे मला माहितीये पण बंद म्हणजे बंद. आणि झाडावर किंवा झाडाखाली विजेची तार असेल तर हात लावू नका, लाईट गेलेली असली तरी नाही, कारण कुणाच्या तरी जनरेटरमधून त्या तारेत उलटा करंट येऊ शकतो. लाईनमन येऊन सांगेपर्यंत थांबायचं.

काम करताना वायर उजव्या खांद्यावरून मागे सोडलेली असू द्या, पायात आणि पट्टीच्या बाजूला कधीच नाही. चेन घट्ट करायची असेल, अडकलेला भुसा काढायचा असेल, अगदी तेल घालायचं असेल तरी आधी प्लग काढा. पेट्रोल मशीन बंद केली की बंद होते, इलेक्ट्रिकचं तसं नाही, प्लग लावलेला असेपर्यंत ती एका बोटाच्या अंतरावर चालू असते.

तेलाचं बरेच जण विसरतात. इलेक्ट्रिक आहे म्हणजे तेल लागत नाही असं नाही, चेनला वेगळी टाकी असते आणि ती रिकामी झाली की पट्टी निळी-काळी पडते, चेन ताणते आणि निसटते. तपासायला सोपं आहे, एखादा पुठ्ठा जमिनीवर ठेवा, टोक त्याच्यापासून वीतभर वर धरून चेन फिरवा, पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. रेघ नाही तर काम नाही. चेनचा ताण थंड असताना बघायचा: खालच्या बाजूने लोंबता कामा नये, आणि पट्टीच्या मधोमध चिमटीत धरून ओढली की थोडी उचलली जावी पण आतले दात खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, सोडली की टप्पकन परत बसावी. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात सैल होते, तेव्हा परत बघा.

कपड्यांचं सांगतो. लुंगी, बनियन, गळ्यात टॉवेल, पायात स्लीपर हा आपला वाडीतला ड्रेस इथे चालणार नाही. जाड फुल पँट, बंद बूट आणि शक्यतो पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज, अंगाला बसणारा फुल शर्ट, डोळ्यांना गॉगल किंवा जाळीचा मास्क, कानात बोळे. चेनसॉसाठी खास पँट मिळते, तिच्यातले धागे चेनमध्ये अडकून ती थांबवतात, पण इलेक्ट्रिक मोटर हिसक्याने थांबत नाही त्यामुळे तिच्या भरवशावर मांडीजवळ कापू नका.

आता तुमचा फणस, आणि खरं जपायचं इथेच आहे. पडलेलं झाड म्हणजे मेलेलं झाड नव्हे, ते दाबून ठेवलेल्या धनुष्यासारखं असतं. एक ओली बांबूची काठी दोन विटांवर टेकवा आणि मधे दाबा, वरची बाजू दबते आणि खालची ताणते. दोन्ही टोकं टेकलेला ओंडका तसाच असतो, वरून सरळ कापत गेलात तर काप वर मिटतो आणि पट्टी चिमटीत सापडते. तिथे वरून तिसरा हिस्सा कापायचा आणि मग खालून वर यायचं. खालून कापताना पट्टीची वरची बाजू वापरली जाते आणि मशीन तुमच्याकडे ढकलते, त्यामुळे पाय फाकवून घट्ट उभं राहा. एक टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत लोंबतंय, तर उलट: आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. वरूनच कापलं तर लाकूड मधे चिरत बुंध्याकडे फाटत जातं. पट्टी अडकलीच तर ओढाताण करू नका, प्लग काढा, पाचर ठोका, काप उघडला की निघते.

खोडाखाली दबलेल्या, वाकलेल्या बारक्या फांद्या सगळ्यात फसव्या, अंगठ्याएवढी फांदीसुद्धा सुटली की छडीसारखी तोंडावर येते. लांब उभं राहून, आतल्या वळणाच्या बाजूने थोडं थोडं कापत ताण सोडवायचा.

आणि मुळासकट उपटलेलं असेल तर बुंधा तुम्ही कापू नका. आमच्याकडे एका माडाचा बुंधा कापला तेव्हा इतका वेळ उताणी पडलेली मुळं आणि त्यांना चिकटलेली टोपलीभर नाही, बैलगाडीभर माती धप्पकन उभी राहिली आणि खड्ड्यात परत बसली. पाच मिनिटांपूर्वी त्याच खड्ड्यात दोन पोरं खेळत होती. त्या आवाजाने सगळे गप्प झाले होते, कितीतरी वेळ कुणी बोललंच नाही. फणसाचा बुंधा तसाही १६ इंचापेक्षा जाड असेल, आणि पट्टीपेक्षा जाड लाकूड कापायची पद्धत वेगळी, ती बघून शिकायची. तुम्ही मांडीएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्या घ्या, बाकी माहीतगाराला द्या, दोन-तीन हजार जातील, जाऊ देत.

फणसाला चीक खूप, चेनवर आणि पट्टीच्या खाचेत तो भुश्याबरोबर लुकण होऊन बसतो, म्हणून तासाभराने प्लग काढून जुन्या टूथब्रशने साफ करा. हाताला आधी खोबरेल तेल लावा, आपल्या आया गरे काढताना लावतात तसंच, वरून ग्लोव्हज. खोडात खिळे, कपडे वाळत घालायची तार, कुंपणाची तार रुतलेली आहे का ते बघा, घराजवळच्या झाडात हमखास असते. ओंडका मातीवर ठेवून आरपार कापू नका, शेवटचं बोटभर ठेवून पलटा, कारण दात एकदा वाळूत गेला की बोथट. धार गेली हे भुश्यावरून कळतं: ढलप्या पडत असतील तर ठीक, पिठासारखा भुसा पडू लागला आणि तुम्हाला दाबावं लागतंय तर थांबा आणि गोल कानस फिरवा. बहुतेक १६ इंची इलेक्ट्रिकना ४ मिमीची कानस लागते, पण डब्यावर बघून घ्या. प्रत्येक दाताला सारख्याच वेळा, आतून बाहेर, परत आणताना उचलून.

एकट्याने काम करू नका. सोबतचा माणूस दहा-पंधरा फूट लांब राहील, फांदी हाताने धरून देणार नाही, पण मेन स्विच कुठे आहे ते त्याला माहीत पाहिजे. जवळ सुती स्वच्छ कापड आणि चार्ज असलेला फोन ठेवा. लागलंच तर हळद-बिळद न भरता कापड घट्ट दाबून धरायचं, काढून काढून बघायचं नाही, आणि १०८ ला फोन.

जाता जाता, मशीन हातात आली की उभी झाडं खुणावतात. आंबा, साग, खैर अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याने परवानगी लागते.

फणस कुठे कुठे टेकलाय, मुळं उपटलीत का आणि घराच्या कुठल्या बाजूला आहे ते दिसेल असे दोन फोटो टाका, मग पहिला काप कुठून घ्यायचा ते सांगतो. तोपर्यंत जमिनीवर पडलेल्या सुट्ट्या फांद्या घडवंचीवर ठेवून हात बसवा.