पावसाआधी शेतावर: वाचकांचे प्रश्न

मृग लागायला आठ-दहा दिवस उरले आहेत. लोकमान्य नगर किंवा रामबागेत राहायचे आणि रविवारी डबा घेऊन शेतावर जायचे, असे इंदुरात आपल्यातले बरेच जण आहेत. त्यांची पत्रे याच दिवसांत सर्वांत जास्त येतात. पाऊस सुरू झाल्यावर जी कामे करता येत नाहीत, त्यांच्याविषयीची पत्रे आज आधी घेतली आहेत.

तीन वर्षांत आंब्याची आठ कलमे लावली. मेमध्ये तीन फूट खोल खड्डे, भरपूर शेणखत, सगळे सांगितल्याप्रमाणे केले. पावसाळ्यात पाने टोकाकडून करपतात आणि दिवाळीपर्यंत नुसती काडी उरते. पाणी तर कधीच कमी पडू दिले नाही. काय चुकते आहे? (राऊ)

पाणी कमी पडत नाही, हेच दुखणे आहे. माळव्याची काळी माती भिजली की फुगते, तिच्यातली फट न् फट मिटते आणि पाणी खाली जिरेनासे होते. अशा घट्ट मातीत तुम्ही तीन फुटांचा खड्डा घेतलात आणि तेवढाच भाग शेणखताने भुसभुशीत केलात. जुलैत चारी बाजूंचे पाणी तिथेच येऊन बसते. कलम हौदात लावल्यासारखे होते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि मुळे कुजलेले झाड पाण्यात उभे राहूनही सुकते. करपलेली पाने पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेसुरले झाड जाते.

यंदा आधी खात्री करा. दोन-तीन चांगले पाऊस पडून जमिनीच्या भेगा बुजल्या, की हातभर खोल खड्डा घेऊन संध्याकाळी त्यात दोन बादल्या पाणी ओता. भेगा बुजण्याआधी हे करू नका, कारण पाणी भेगांतून पळून जाते आणि जमीन निचऱ्याची आहे असे वाटते. सकाळी तळाशी पाणी दिसले तर तिथे खड्ड्यात आंबा लावायचा नाही. त्याच मातीत चांगले कुजलेले खत आणि जमल्यास मुरूम मिसळून दीड-दोन फूट उंच, चार-पाच फूट रुंद उंचवटा करा आणि कलम त्यावर लावा. उताराच्या बाजूला एक चर काढून द्या. उंचवटा पहिल्याच पावसाळ्यात खचतो, तेव्हा तो थोडा जास्तच उंच ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी रोपवाटिकेत फारसे कोणी सांगत नाही. कलमाच्या जोडाभोवती प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली असते. जोड नीट भरून आला आणि वर नवी फूट निघाली, की ती ब्लेडने उभी चिरून काढायची. माझ्या शेतावरचे लंगड्याचे एक कलम चौथ्या वर्षी वाऱ्याने मोडले, ते नेमके जोडावर. हातात घेऊन पाहिले तर साल पट्टीच्या दोन्ही बाजूंना फुगून आली होती आणि मधे खोड करंगळीएवढे राहिले होते. चार वर्षे त्या झाडाशेजारून रोज गेलो, पण खाली वाकून पाहिले नव्हते. जोड मातीच्या वर राहील असे पाहा आणि त्याखालून येणारी खुंटाची फूट खुडत राहा. पहिली तीन वर्षे मोहोर आला तरी काढून टाका. जिवावर येते, पण काढाच.

पंपाच्या खोलीत पाच फुटांची कात सापडली. आमची ही आता तिकडे पाऊल टाकायला तयार नाही. साप विषारी असेल का? सगळीकडे फिनाईल शिंपडावे का? (देपालपूर रस्ता)

फिनाईलने साप जात नाही, तुमच्या विहिरीचे पाणी मात्र खराब होईल. कात मोज्यासारखी उलटी निघते आणि निघताना ताणली जाते, म्हणजे साप पाच फुटांहून थोडा लहानच आहे. डोक्याकडचा भाग शाबूत असेल तर उजेडासमोर धरा. डोळ्यांच्या जागी काचेसारख्या दोन टिकल्या दिसतील. सापाला पापण्या नसतात आणि डोळ्यावरचे पारदर्शक झाकणही कातीबरोबर उतरते. डोक्यावर मोठी, फरशा बसवल्यासारखी खवले असतील तर घोणस आणि फुरसे हे दोन वगळता येतात. मात्र धामण, नाग आणि मण्यार या तिघांच्याही डोक्यावर तशीच खवले असतात, त्यामुळे कातीवरून निकाल देऊन निर्धास्त होऊ नका.

पंपाच्या खोलीत पाच फुटी साप म्हटले की माझ्या मनात पहिले नाव येते धामणीचे. ती बिनविषारी आहे आणि उंदरांमागे येते. ती गाईच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, ही समजूत खोटी आहे. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहतात त्याला आपण सापांचे लग्न म्हणतो. बहुतेक वेळा ती दोन नरांची झुंज असते. तिला मारू नका, सगळ्याच सापांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

साप ज्या उंदरांसाठी आला ते आधी घालवा. धान्याची पोती, सरपण, जुने पाइप यांचा ढीग खोलीला टेकून नको. दाराखालची फट पट्टी लावून बुजवा. अंधारात बॅटरी आणि घोट्यावर येणारे बूट घातल्याशिवाय जायचे नाही, हा नियम गड्यालाही लागू करा आणि बूट त्याला तुम्ही घेऊन द्या. राखणीला जमिनीवर झोपणारा असेल तर त्याला खाट आणि खोचता येईल अशी मच्छरदाणी हवीच, कारण मण्यार रात्री झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा ते कळतही नाही. दंश झालाच तर दोरी आवळणे, चिरणे, चोखणे, मांत्रिक यांतले काहीही नको. अंगठी-बांगड्या काढा, हातपाय हलू देऊ नका आणि थेट प्रतिविष मिळणाऱ्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, तेव्हा साप पकडून न्यायची गरज नाही.

नांगरटीच्या रानात टिटवीने चार अंडी घातली आहेत. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असे गडी म्हणतो. खरे का? (सांवेर)

टिटवी बहुधा चारच अंडी घालते, दुष्काळाच्या वर्षीसुद्धा. अंड्यांपासून दोन-दोन हात सोडून चार काठ्या रोवा आणि तेवढा चौकोन वगळून पेरा. चार आठवड्यांत पिले निघतात आणि लगेच चालू लागतात. दुपारच्या उन्हात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. लांबून, झाडाआडून पाहा, मुलांनाही दाखवा.

वाळलेला पाला आणि सोयाबीनचा भुसा जाळावा लागतो, दुसरे काय करणार? गांडूळखताचा प्रयोग उन्हात फसला. (महू)

जाळू नका. ज्या खतपद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती आपल्या गावातली आहे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत होते, जिथे आज कृषी महाविद्यालय आहे. शेतकरी जे करत होते ते नीट पाहून त्यांनी ही पद्धत बसवली आणि १९३१ साली त्यावरचे पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्या जोडीने लिहिले. वाड हे नाव आपल्या लोकांच्या बोलण्यात येत नाही, याचे मला वाईट वाटते.

गांडुळे विकत आणायची गरज नाही. पावसाळ्यात खड्डा नको, जमिनीवरच ढीग घाला. खाली तुराट्या पसरा म्हणजे हवा खेळेल. त्यावर वीतभर पाला-भुसा, मग शेणकाला, मग मूठ-मूठ राख आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, असे थर कंबरेइतके रचा. थर दाबू नका. गाजर गवत फुलायच्या आत उपटले असेल तर तेही चालते. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीनदा उलथायचे, बाहेरचे आत आणि आतले बाहेर. तीन महिन्यांत खत होते.

ढीग चालू आहे का, हे पहारीने कळते. चौथ्या-पाचव्या दिवशी पहार मधोमध खुपसा, पाच मिनिटांनी ओढा आणि टोकाला हात लावा. हात ठेववत नसेल तर उत्तम. पहार गार निघाली तर मूठभर माल आतून काढून पिळा. बोटांच्या फटीत ओल चमकावी, पण थेंब पडू नये. थेंब पडला तर कोरडा भुसा घालून उलथा, हात कोरडाच राहिला तर शेणाचे पाणी द्या. डोळे चुरचुरणारा वास येत असेल तर शेण जास्त झाले आहे. तुमचा गांडुळांचा प्रयोग उन्हात फसला तो बहुतेक या उष्णतेनेच. कच्च्या, तापलेल्या ढिगात गांडूळ जगत नाही. ढीग निवला की ती आपली आपण येतात.

रोजडे (नीलगाई) भाजीपाला खातात. कुंपणात करंट सोडावा का? (सिमरोळ)

शेतातल्या लाइनीवरून तारेत वीज मुळीच सोडू नका. तो गुन्हा आहे आणि पहिला बळी बहुधा माणसाचा किंवा बैलाचा जातो. नीलगाय त्याच त्याच जागी लेंड्या टाकते. ते ढीग शोधलेत की कळपाची वाट कळते आणि आधी ती बाजू बंद करता येते. आता जाळी लावा आणि जाळीच्या आतून करवंद लावून घ्या. तीन-चार वर्षांत काटेरी कुंपण उभे राहील.

बाबांची १९९६ ची मारुती ८०० कंपेलजवळच्या शेतावर पत्र्याखाली सात वर्षे उभी आहे. बाबा गेले. एक भाऊ म्हणतो भंगारात द्या, दुसरा ऐकत नाही. मी मधला. चालू होईल का? (रामबाग)

इंजिन बहुधा चालू होईल. तीन सिलिंडरचे ते ७९६ सीसीचे इंजिन साधे आहे. या गाड्या १९८३ पासून २०१४ पर्यंत निघाल्या, त्यामुळे सुटे भागही मिळतात आणि मिस्त्रीही. निर्णय मात्र इंजिनावर नाही, तळावर करा. गाडी काळ्या मातीवर उभी आहे. पावसाळ्यात वर पत्रा असला तरी ओल खालून चढते आणि तळाला धरून राहते. आतली चटई उचला आणि पायाशी, दारांच्या खालच्या पट्टीत, जॅक लावतात तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. रंगाखाली पत्रा टणक लागला तर पुढे जा. टोक बिस्किटात घुसावे तसे घुसले, तर दुरुस्तीचा खर्च आणि धोका दोन्ही मोठे आहेत. तसे असेल तर मी देऊन टाका म्हणेन. सांभाळायची माया असेल तर किल्ली आणि गिअरची मूठ ठेवा. गाडी पत्र्याखाली सडू देण्यात बाबांचा मान राहत नाही, शिवाय बॅटरीचे आम्ल आणि ऑइल जमिनीत उतरते.

द्यायची तर दारावर आलेल्या भंगारवाल्याला नको, नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्रातच द्या. गाडी अजून बाबांच्या नावावर असेल, तर आधी ती फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा. भंगार केंद्राच्या प्रमाणपत्रावर नवी खासगी गाडी घेताना मोटार करात सवलतीची तरतूद आहे.

तळ चांगला निघाला तर किल्ली फिरवण्याची घाई करू नका. बॉनेट काठीने उघडा, आत साप असू शकतो. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचे घर असते आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीची माती असते. वायरी कुरतडल्या आहेत का, ते बोट फिरवून पाहा. टाकीतले पेट्रोल रोगणासारखा वास मारेल, ते सगळे उपसा. तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढची पुली पान्याने हळूहळू फिरवा. अडली तर जोर करू नका, आणखी दोन दिवस तेल मुरू द्या. मोकळी फिरली की इंजिन ऑइल, पेट्रोलचे रबरी पाइप, ब्रेक ऑइल आणि चाकांतली ब्रेकची रबरे बदला. टायरची नक्षी शाबूत दिसेल, पण त्यावर विश्वास ठेवू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच.

नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. तुमची नोंदणी संपलेली असणार. नव्या बॅटरीवर गाडी सुरू झाली की तिघे भाऊ मिळून शेताच्या वाटेवर विहिरीपर्यंत जाऊन या आणि दर पन्नास पावलांवर ब्रेक दाबून पाहा. परतल्यावर तिला मातीवर नको, फरशीवर उभी करा. नोंदणी आणि विमा हातात येईपर्यंत हमरस्त्यावर काढू नका.