उत्तर ठाऊक असलेले प्रश्न

"मॅडम, दिवसभर मी घरातच असते, पण तिच्यासाठी नसते. आणि संध्याकाळी तिच्यासाठी बसते, तर ती बसत नाही."

हे वाक्य मी समुपदेशक म्हणून काम करताना गेल्या काही वर्षांत इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की समोरची व्यक्ती अर्ध्यावर थांबली तरी पुढचं मी पुरं करू शकेन. कधी ते वडील बोलतात, कधी नातवाला सांभाळणारी आजी. गाभा एकच असतो. आम्ही कामात अडकलेलो आणि मुलाची शिकायची कोवळी वर्षं हातातून निसटतायत. त्याचं नुकसान तर होत नाही ना?

याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण एका वाक्यानं कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

आई-बाबा दोघेही नोकरी करणारे. आईचं काम आठवड्यातले चार दिवस घरूनच. मुलगी साडेचार वर्षांची, सकाळी तीन तास बालवाडीत. तक्रार अशी की संध्याकाळी साडेसातला 'अभ्यासाची वेळ' झाली की मुलीच्या पोटात दुखतं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही सापडलं नाही. सुट्टीच्या दिवशी अभ्यास नसतो, त्या दिवशी पोटही दुखत नाही.

पहिल्या भेटीत आई एक फाइल घेऊन आल्या. आत तक्ता. अक्षरं, अंक, आकार, रंग, पूर्ण वाक्यात बोलणं, असे रकाने. जमलं तिथे चांदणी, नाही तिथे फुली. मी फाइल बाजूला ठेवून विचारलं, "तुमचा दिवस कसा जातो?"

त्यांनी मुलीचा दिवस सांगितला.

"हा तिचा झाला. तुमचा?"

जरा वेळ गेला. मग म्हणाल्या, "मी कामात असताना ती दारापाशी येऊन उभी राहते. मी म्हणते, दोन मिनिटं थांब."

"दोन मिनिटं म्हणजे किती?"

"कधी अर्धा तास. कधी दीड." आणि मग, माझ्याकडे न बघता, "म्हणून तर साडेसातला पाऊण तास फक्त तिचा. तेवढी तरी परतफेड."

परतफेड हा शब्द मी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली. अपराधी वाटणारे आई-वडील शिकवायला बसतात तेव्हा बहुधा कर्जाचा हप्ता भरत असतात. या घरात गंमत एवढीच होती की हप्ता भरणार कर्जदार आणि पोट दुखणार सावकाराचं.

दुसऱ्या भेटीला मुलगीही आली. माझ्या खोलीत एक पेटी असते. तीत बटणं, झाकणं, दोऱ्याची रिकामी रिळं, ठोकळे असं काहीबाही. मी म्हटलं, "घरी खेळता तसं दहा मिनिटं खेळा, मी बसलेय इथेच." आणि कागदावर रेघा ओढत राहिले.

"हे कोणत्या रंगाचं? किती झाली? यातलं मोठं कोणतं? आणि हे गोल आहे की चौकोनी?" पहिल्या चार प्रश्नांना मुलीनं एकेका शब्दात उत्तर दिलं. पुढे नुसती मान हलवली. त्यानंतर एकेक बटण टेबलाखाली सरकवायला लागली.

दहा मिनिटं झाल्यावर मी कागद पुढे केला. "एकतीस."

"काय एकतीस?"

"प्रश्न विचारलेत तुम्ही."

त्यांचा चेहरा खुलला. "मग बरंच घेतलं की आज!"

"यातल्या किती प्रश्नांची उत्तरं तुम्हाला ठाऊक नव्हती?"

खोटं कशाला सांगू, हा प्रश्न सुचल्याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण झालं काहीच नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "पण शिकवायचं म्हणजे विचारायलाच हवं ना? नाहीतर आलंय की नाही कळणार कसं?" त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. समुपदेशकाला झालेला साक्षात्कार समोरच्याच्या कानापर्यंत पोचतो, पुढे जायला त्याला पाय नसतात. एवढी वर्षं हे काम करूनही मी ते अधूनमधून विसरते.

तिसऱ्या भेटीत मुलगी कोपऱ्यात पेटीशी खेळत होती आणि आम्ही हळू आवाजात बोलत होतो. मी काही फार विचारलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांना रडू आलं. कामावर वाटतं मुलीकडे दुर्लक्ष होतंय, मुलीपाशी वाटतं कामाकडे, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन्हींचा हिशेब सुरू होतो. मी पाणी दिलं. बोलणं झालं. निघायची वेळ झाली आणि त्यांचा चष्मा सापडेना. पाच वाजता त्यांची मीटिंग होती. पर्स उपडी झाली, खुर्चीखाली बघून झालं.

"अगं, तू पाहिलास का गं माझा चष्मा? मला खरंच आठवत नाहीये."

मुलगी उठलीसुद्धा नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "पायऱ्या चढलीस तेव्हा होता. मग तू रडलीस ना, म्हणून काढलास. मग मावशीनं पाणी दिलं, तेव्हा तू तो जाड पुस्तकावर ठेवलास. मग मावशीनं त्याच्यावर कागद ठेवला." मग उठली, माझ्या टेबलापाशी आली, कागद उचलला आणि म्हणाली, "दोन कागद होते."

आईनं चष्मा लावला, मुलीचा हात धरला आणि निघाल्याच. मी म्हटलं, "दोन मिनिटं बसा. खरोखरची दोनच."

आणि मुलगी काय बोलली ते मी शब्दाला शब्द परत सांगितलं. 'तेव्हा', 'मग', 'म्हणून'. घटनांचा क्रम होता, कारण होतं, वस्तूची जागा होती, आणि कुणी न विचारता केलेली मोजणी होती. "तुमच्या तक्त्यात 'पूर्ण वाक्यात बोलणं' यापुढे फुली आहे," मी म्हटलं. "आत्ता तिनं किती वाक्यं सलग सांगितली?"

मला वाटलं होतं त्या यावर काही बोलतील. त्या उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "मी रडले ते तिनं पाहिलं. मला वाटलं ती कोपऱ्यात खेळतेय."

मी भाषेपाशी थांबले होते, त्या माझ्या पुढे गेल्या. 'तिचं लक्षच नसतं' ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची तक्रार. मुलीचं लक्ष सदोदित होतं, ते आईवर होतं. चष्मा कधी काढला, कशासाठी काढला, कुठे ठेवला, सगळं त्या लक्षात साठवलेलं होतं. आईनं पहिल्यांदा एखादा खरा प्रश्न विचारला आणि ते बाहेर आलं.

माझा कल कुणाकडे आहे ते सांगून टाकते. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. मुलाला निर्दोष आई लागत नाही, 'पुरेशी चांगली' आई लागते, असं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर सांगत होते. आई थोडीथोडी कमी पडत जाते, मुलाला झेपेल एवढीच, आणि त्या फटीतूनच मूल बाहेरचं जग ओळखायला लागतं. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ही बाळं यांच्यातल्या देवाणघेवाणीचा क्षणाक्षणानं अभ्यास केला. नातं उत्तम असलेल्या जोड्यांमध्येही दोघांचा सूर जुळलेला असतो तो साधारण 30 टक्के वेळ. उरलेल्या वेळात सूर चुकतो आणि पुन्हा जुळवला जातो. हा आकडा मी आयांना आवर्जून सांगते, कारण बहुतेक जणी शंभराच्या खाली स्वतःला नापास करून मोकळ्या झालेल्या असतात.

म्हणून मी त्यांना साडेसातचा वर्ग बंद करायला सांगितलं. चांदण्याही. 1973 साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. मुळात चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं रंगांकडे कमी वळली, बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ. बक्षीस लावलं की ते काम बक्षिसाविना करण्यासारखं नाही असं मूल समजून चालतं. रोजच्या शाबासकीवर माझा राग नाही, तक्त्यावर आहे.

मग शिकवायचं कधी? त्यांचा पुढचा प्रश्न हाच होता आणि तुमचाही असेल. घरात एरवीही करावी लागणारी कामं डोळ्यांपुढे आणा. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावणं म्हणजे वर्गीकरण. माणशी एक पेला मांडणं ही संख्येची पहिली ओळख, आणि ती एक ते शंभर पाठ म्हणण्यापेक्षा पक्की, कारण पेला कमी पडला की कुणीतरी ओरडतंच. झाकण कोणत्या डब्याला बसेल हे हातानं शोधणं म्हणजे आकार आणि माप. या कामांना वेळ जास्त लागतो, हे खरं. पण तो वेळ कामातून निघतो, तुमच्या उरल्यासुरल्या अंगबळातून काढावा लागत नाही. वाचायचं तर एकच पुस्तक दहादा वाचा. मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो, मुलांना येत नाही. ओळखीच्या वाक्यात मध्येच थांबा, मूल ते पुरं करेल.

लिहिण्याची घाई अजिबात नको. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात आणि एकेक करत टणक होतात, शेवटच्याला तर आठ-दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. साडेचार वर्षांच्या बोटांना आधी मळायला, फाडायला, चिमटीत धरायला, दोरी ओवायला द्यावं. पेन्सिल मागाहून.

माझा सगळ्यात जास्त आग्रह मात्र वेगळ्याच गोष्टीवर असतो, तो त्या 'दोन मिनिटांवर'. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, पण शब्द पाळला गेला की नाही हे चोख कळतं. 'दोन मिनिटं' म्हणून दीड तास लावलात की पुढच्या वेळी मूल दारापाशी जास्त जोरात रडतं, आणि हटवाद त्याच्या नावावर लागतो. त्यापेक्षा दिसेल अशी खूण ठेवा. या घरात दाराच्या कडीला लाल फडकं बांधायचं ठरलं. फडकं आहे तोवर आई कामात, सुटलं की आई बाहेर येणार म्हणजे येणारच. सुरुवातीला फडकं अर्ध्या तासावर ठेवायचं, जमलं की वाढवायचं. पहिल्या आठवड्यात मुलीनं ते तीनदा स्वतःच सोडून टाकलं. चालायचंच.

काम संपवून बाहेर आल्यावर पहिली दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि मुलीला प्रश्न विचारायचा नाही. "आज काय शिकलीस?" हाही नाही. नुसतं शेजारी बसायचं, ती जे करते ते बघायचं, जमलं तर आपल्या दिवसाबद्दल एखादं खरं वाक्य सांगायचं. "आज मला एक चूक सापडेचना" असं काहीतरी. मुलगी आपणहून बोलायला लागते, पण त्यासाठी आधीची शांतता सोसावी लागते, आणि मोठ्यांना तेच कठीण जातं.

स्क्रीनबद्दल विचारलंच जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे, त्याहून कमी तर उत्तम. तुमची महत्त्वाची मीटिंग असेल तेव्हा त्यातला अर्धा तास उघडपणे, ठरवून वापरा. चोरून, कण्हत-कुंथत दिलेली स्क्रीन नेहमी लांबते.

चौथ्या भेटीला बाबा आले. हे आधीच व्हायला हवं होतं, ती चूक माझी. पहिल्या भेटीत आई त्यांच्याबद्दल म्हणाल्या होत्या, "ते काय, नुसते खेळतात तिच्याशी." जमिनीवर आडवं पडून, ठोकळ्यांचा पूल किती उंच होईल यावर खरीखुरी पैज लावणारा हा माणूस स्वतःला बिनकामाचा समजत होता. पूल कधी पडेल हे त्यालाही ठाऊक नसायचं. मी म्हटलं, "तुमच्या घरातला शिकवणीचा वर्ग तुम्हीच घेताय." त्यावर दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मी उगाच पाण्याचा पेला उचलला.

एक गोष्ट गांभीर्यानं सांगते. सगळंच 'होईल हळूहळू' म्हणून सोडून द्यायचं नसतं. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला बहुतेक कळत नसेल, हाक मारल्यावर ते वळत नसेल, दोन-तीन शब्दांपलीकडे वाक्य जातच नसेल किंवा आधी येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर कान आणि वाढ यांची तपासणी लगेच करून घ्या. तिथे मोजे-पेले उपयोगाचे नाहीत, आणि तुमच्या नोकरीचाही त्याच्याशी संबंध नसतो.

पोटाचं दुखणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थांबलं. आमच्या एकूण पाच भेटी झाल्या. शेवटच्या भेटीत मी फाइलबद्दल विचारलं तर आई ओशाळून हसल्या. फाइल कपाटात आहे, टाकवत नाही. सुट्टीच्या दुपारी कधीतरी हात तिच्याकडे जातोच. मग मुलगी बाबांच्या पाठीमागे लपते आणि तिथून ओरडते, "आई, लाल फडकं लावलंय आम्ही!"