रेंज नसली तरी मोबाईल कामाचा

प्रश्न: नववीच्या मुलांना भूगोलाच्या क्षेत्रभेटीला हत्तरसंग कुडलला न्यायचंय, भीमा-सीनेचा संगम दाखवायला. मोबाईल न्यावेत का? मागच्या वेळी सगळी सेल्फीतच गुंतली, आणि तिकडं रेंज मिळंल का नाही तेही माहीत नाही.
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर: मॅडम, न्या की. पण पाच जणांत एकच, आणि पहिला अर्धा तास तो पिशवीतच राहू द्या. आधी वहीत हातानं कच्चा नकाशा, कुठली नदी कुठून आली, कुठला काठ तुटलाय, गाळ कुठं साचलाय. वळणावर बाहेरच्या काठाला पाण्याचा जोर जास्त म्हणून तो झिजतो, आतल्या बाजूला पाणी मंदावतं म्हणून तिथं वाळू पडते, हे आधी डोळ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर पोरं नुसत्या पाण्याचे फोटो घेऊन येतात.

रेंजचं टेन्शन घेऊ नका. जीपीएस थेट सॅटेलाइटच्या सिग्नलवर चालतं, फक्त नेट नसलं की पहिलं लोकेशन पकडायला वेळ लागतो, उघड्यावर जरा थांबायचं. नकाशाला मात्र नेट लागतं, म्हणून आदल्या दिवशीच गूगल मॅप्सवर तेवढा भाग डाऊनलोड करून ठेवा.

आता माझी फजिती सांगतो. एका सहलीत पोरांनी ढीगभर फोटो काढले आणि कॅमेऱ्याचं लोकेशनच बंद, घरी आल्यावर कुठला काठ कुठला कुणालाच कळेना. पुढच्या वेळी चालू ठेवलं तर सगळ्यांनी फोटो व्हॉट्सॲपवर टाकले, आणि तिथं साधा फोटो पाठवला की त्यातलं लोकेशन उडतं! डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग टिकतं.

अक्षांश-रेखांश वहीतही लिहायला लावा, दशांशानंतर चार आकडे बास. चौथा आकडा एकानं बदलला की अक्षांशात साधारण ११ मीटरचा फरक, त्याच्यापुढचं लिहून उगाच शहाणपणा. मोबाईल दाखवतो त्या उंचीवर फार विसंबू नका, ती जास्त चुकते. आणि चुंबकवाली कव्हरं काढायला लावा, त्यानं मोबाईलचं होकायंत्र चुकतं; आमच्या एका गटाची उत्तर दिशा एसटीच्या मागं निघाली होती.

तिथल्या शके ९४० च्या मराठी शिलालेखापाशी सेल्फी होणारच, होऊ द्या, फक्त लोकेशन चालू ठेवून.