तळं हिरवं पडलंय: युरिया बंद करून भागेल का?

प्रश्न (दिंडोरी तालुका, द्राक्ष बागायतदार): साहेब, कागद टाकलेलं 20 लाख लिटरचं शेततळं आहे. विहिरीचं पाणी भरतो. खरड छाटणीच्या तोंडावर पाणी हिरवंगार झालं, डिस्क फिल्टर दिवसातून तीनदा धुवावा लागतो. दुकानदार म्हणतो, युरिया सोडा, कॅल्शियम नायट्रेट वापरा, शेवाळ धरणार नाही. खरं का?

उत्तर: दुकानदाराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण तुमच्या कामाचं उरलेलं अर्धं आहे.

पाणी हिरवं दिसतं ते डोळ्यांना सुटं न दिसणाऱ्या तरंगत्या शेवाळामुळे. त्याला नत्र लागतं, आणि ते कुठल्या रूपात मिळतं, अमोनियम, नायट्रेट की युरिया, याने फरक पडतो. अमोनियम म्हणजे ताटात वाढलेली भाकरी. नायट्रेट म्हणजे पोत्यातली बाजरी, दळून-थापून मग खायची. नायट्रेट आत घेतल्यावर पेशीला त्याचं आधी अमोनियम करावं लागतं, त्यात ऊर्जा जाते, लोह आणि मॉलिब्डेनमही लागतं. म्हणून पाण्यात अमोनियम भरपूर असलं की बहुतेक शेवाळं नायट्रेट उचलायचं कमी करतात. युरिया काही प्रकार तसाच आत घेऊन फोडतात, बाकीचा जिवाणू फोडतात. शेवटी त्याचंही अमोनियमच होतं.

याचा परिणाम तळ्यात कोण माजतं यावर होतो. नायट्रेटवर, त्यातून थंडीत, डायटम नावाची तपकिरी शेवाळं चांगली वाढतात. पाणी तपकिरी-सोनेरी दिसतं आणि ती मेली की तळाशी बसतात. अमोनियम-युरिया, ऊन आणि संथ पाणी एकत्र आलं की निळ्या-हिरव्या शेवाळाचं फावतं. मायक्रोसिस्टिस त्यातलंच. त्याच्या पेशीत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून ते वर येऊन रंग सांडल्यासारखी साय धरतं. त्याचे काही वाण विष तयार करतात, तेव्हा असं पाणी जनावरांना पाजू नका.

पण नायट्रेटने शेवाळ येत नाही, हे खोटं. शेवाळ किती वाढणार हे नत्राच्या एकूण मात्रेवर आणि स्फुरदावर ठरतं. हिशोब करू. 20 लाख लिटरमध्ये लिटरला 1 मिलिग्रॅम नत्र व्हायला 2 किलो नत्र लागतं, म्हणजे साधारण साडेचार किलो युरिया. एक घमेलंसुद्धा नाही! शेवाळाला वजनाने सुमारे 7 भाग नत्रामागे 1 भाग स्फुरद पुरतो. त्या 2 किलो नत्राला पुरेल तेवढा स्फुरद 12:61:00 या विद्राव्य खताच्या एका किलोत आहे. वर ते अमोनियमवालं खत. तुमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आधीच असण्याची शक्यता मोठी, कारण काळ्या जमिनीत अमोनियम मातीला चिकटून राहतं, नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं. ॲनाबिनासारखी शेवाळं तर हवेतलं नत्र ओढतात. त्यांना नुसता स्फुरद मिळाला तरी पुरे.

तेव्हा खताची गोणी बदलण्याआधी खत तळ्यात शिरतं कुठून ते शोधा. माझा पहिला संशय व्हेंचुरीवर, म्हणजे ठिबकच्या लाईनमध्ये खत ओढून घेणाऱ्या जोडणीवर. मोटार बंद झाली की लाईनमधलं खतपाणी उलटं तळ्यात येतं, तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. फवारणीचा ब्लोअर, खताच्या टाक्या तळ्याच्या काठावर धुवू नका. बांध उंच करून रानातलं पाणी बाहेर वळवा. मासे सोडले असतील तर खाद्य मोजून टाका. उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा यांचंही अमोनियमच होतं. आणि दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू (पीएच) 9 च्या वर गेला की त्याच अमोनियमचा मोठा हिस्सा अमोनिया होतो. मासे त्याने मरतात, लोक पाणी खराब म्हणून विहिरीला दोष देतात.

मोटारीचा सक्शन पाईप तरंगत्या ड्रमला बांधून पृष्ठभागाच्या दोन-तीन फूट खाली ठेवा, म्हणजे सायही येणार नाही आणि तळचा गाळही. ठिबकच्या लॅटरल नळ्या साफ करायला क्लोरीन द्याल तेव्हा अमोनियमचं खत सोबत सोडू नका, क्लोरीनचा जोर मरतो. क्लोरीन आणि ॲसिड तर कधीच एकत्र नको, विषारी वायू निघतो.

मोरचूद टाकायची घाई करू नका. मासे जातात, आणि निळं-हिरवं शेवाळ फुटलं की आतलं विष पाण्यात उतरतं. आधी काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर आला तर संशय निळ्या-हिरव्याचा; खाली बसला किंवा पाणीभर पसरून राहिला तर बहुधा दुसरं काही. वर साय दिसली तर नुसता फोटो पाठवू नका, ती बरणीच घेऊन कार्यालयात या.