वर्गात जमतं, घरी हात चालत नाही

'वर्गातली चित्रं बघून घरचे खूश होतात, पण घरी कोरा कागद घेतला की साधा कपसुद्धा धड येत नाही' हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आठ महिने दर आठवड्याला सामुदायिक कलावर्गाला जाताय, पाच चित्रं पूर्ण झालीत, आणि आता वर्ग बदलावा की रंगांचा मोठा संच घ्यावा असं विचारताय. मी नेमकी याच जागी अडकले होते आणि तिथून निघायला मला पावणेतीन वर्षं लागली.

आधीच सांगते, मी कलाशाळेत शिकलेली नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांत, चार वेगवेगळ्या शिक्षकांच्या हाताखाली जे मिळालं ते घेतलं. तेव्हा हे एका विद्यार्थिनीचं मत म्हणून वाचा. पेन्सिल कशी धरायची, वॉश (पाणी घातलेल्या रंगाचा पातळ थर) कसा द्यायचा हे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

त्या पाच चित्रांतल्या किती रेषा तुमच्या स्वतःच्या आहेत? मनातल्या मनात मोजून बघा.

माझ्या पहिल्या वर्गात शिक्षक एक छापील निसर्गचित्र द्यायचे. त्यावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी आपल्या कागदावर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवून काढायची. मग रंग. कुठे अडलं की सर माझ्या खुर्चीत बसत, माझाच ब्रश घेत आणि दोन मिनिटांत पाण्यातलं प्रतिबिंब जिवंत करत. मी मागे उभी राहून बघत असे आणि मला वाटे, शिकतेय. माणूस मनाचा चांगला होता, हात तर विलक्षण. वीस जणांच्या वर्गात प्रत्येकाला समजावत बसण्यापेक्षा करून दाखवणं त्यांना सोपं पडत असावं. पण दर वेळी हाक मारून बोलावणारी मीच होते. 'सर, इथे जरा बघता का?' असं म्हणून मी ब्रश पुढे करायची. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

वर्षाअखेरच्या प्रदर्शनात माझं तळ्याचं चित्र लागलं. एका बाईंनी फार आपुलकीनं विचारलं, पाण्यावरचा हा उजेड कसा आणलात? मला काहीच सांगता येईना, कारण तो उजेड मी आणलेलाच नव्हता. नुसतं हसून बाजूला झाले. त्या रात्री घरी आल्यावर पाण्याचा ग्लास समोर ठेवला आणि काढायला बसले. ग्लासाचं तोंड मी गोल काढलं, जणू वरून वाकून बघतेय, आणि तळाला सरळ रेघ मारली. इतकी वर्षं वर्गाला जाऊन ग्लासाचा तळ वक्र दिसतो हेसुद्धा माझ्या डोळ्यांनी कधी टिपलं नव्हतं. रडू आलं, खरं सांगते.

त्याच केंद्रात समोर वस्तू मांडून रेखाटन शिकवणारा प्राथमिक वर्ग होता. मला त्यात टाका म्हणून कार्यालयात गेले. तर म्हणे, तुमची नोंद पुढच्या पातळीवर आहे, मागच्या पातळीवर जाता येत नाही. अर्ज दिला. तो पोचला की नाही हे विचारायला तीन खेपा घातल्या. शेवटी उत्तर आलं की प्रणालीत तशी सोयच नाही, आणि भरलेलं शुल्कही परत मिळणार नाही. ज्याला मागे जाऊन पाया पक्का करायचाय त्याला अडवून कुणाचं भलं होतं, मला आजही कळलेलं नाही. ते सत्र मी सोडून दिलं. तुमच्याकडे पातळ्या असतील तर पुढच्या पातळीचा फॉर्म भरण्याआधी मागे यायची सोय आहे का ते लेखी विचारून घ्या.

तुमच्या प्रश्नाबद्दल माझं म्हणणं असं की वर्ग लगेच बदलू नका. आधी शिक्षकांना सांगा, 'माझ्या कागदावर काढू नका, बाजूच्या कागदावर दाखवा.' बोलायला जड जातं, पण बोला. माझ्या तिसऱ्या शिक्षिका माझ्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर दुरुस्ती करायच्या, मग तो कागद उचलून घ्यायच्या आणि खालचं माझं मला सुधारायला लावायच्या. खांदा कुठे घसरला, डोळे किती वर गेले, सगळं दिसायचं आणि चित्र माझंच राहायचं. (डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवशिका ते हमखास वर चढवतो, मीही चढवत असे.) शिक्षकांना तुमचं म्हणणं पटलं नाही, तर मात्र खुशाल दुसरा वर्ग शोधा.

नक्कल वाईट असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. व्हॅन गॉगनं १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकारानं विद्यार्थ्यांना उतरवून काढण्यासाठी केलेल्या छापील अभ्यासपत्रिका एकामागून एक उतरवून काढल्या होत्या. पण त्याच काळात तो समोरची माणसंही काढत होता, आणि १८८२ मध्ये नेदरलँड्समधल्या हेग शहरात असताना दोरे ताणलेली चौकट उभी करून त्यातून प्रत्यक्ष दृश्य बघत होता. म्हणजे चौकट त्यानंही वापरली, पण ती समोरच्या जगावर लावली. आपण ती छापील कागदावर आखतो आणि एकेका चौकोनापुरतं बघतो. मग झाड आणि घर यांचं एकमेकांशी नातं काय, हे डोळ्याला कधी शोधावंच लागत नाही.

फोटोवरून काढण्याबद्दल माझं मत आणखी कडक आहे, कुणाला पटणार नाही. कॅमेरा सावल्या काळ्याकुट्ट करतो, जवळून काढलेल्या चेहऱ्यात नाक फुगवतो. ज्यानं प्रत्यक्ष बघून पुष्कळ काढलंय त्याला हे ओळखून दुरुस्त करता येतं. आपल्याला अजून येत नाही. निदान सहा महिने फोटो बाजूला ठेवा.

तुमचा तो कपच घ्या. टेबलावर ठेवा, हात कोपरातून सरळ ताणा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलवर अंगठा सरकवत रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजा. कोपर वाकलं की माप चुकलं. मग कप डोळ्यांच्या पातळीवर उचलून धरा, तोंडाची सरळ रेघ होईल. हळूहळू खाली न्या, लंबवर्तुळ उघडत जाईल. म्हणूनच टेबलावरच्या कपाचा तळ तोंडापेक्षा जास्त गोलाईचा काढावा लागतो. कानाची वक्र रेघ जमत नसेल तर कान आणि कप यांच्यामधल्या रिकाम्या जागेचा आकार काढा, कान आपोआप येतो. डोळे बारीक करून बघितलं की बारकावे पुसट होतात आणि उजेड-सावलीचे तीन-चार मोठे तुकडेच उरतात. तेवढेच भरा. झालं की चित्र आरशात बघा. जी चूक तासभर दिसली नाही ती एका क्षणात दिसते. रोज वीस मिनिटं पुरेत. मी एकच किटली बेचाळीस दिवस काढली होती, आणि पंधराव्या-सोळाव्या दिवसापासून हात बदलल्याचं मला जाणवलं. तुम्हाला कमीजास्त लागेल.

आता रंगांचा संच. माझं स्पष्ट मत, घेऊ नका. सहा नळ्या पुरतात, पिवळा, लाल, निळा प्रत्येकी एक उबदार (लालसर झाकेचा) आणि एक थंड (निळसर-हिरवट झाकेचा), आणि फार तर जोडीला बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. अल्ट्रामरीन या उबदार निळ्यात बर्न्ट सिएना घातला की इतके सुंदर राखाडी मिळतात की काळ्याची आठवण येत नाही. थॅलो या थंड निळ्यात लेमन हा थंड पिवळा घातला तर झगझगीत हिरवा येतो, अल्ट्रामरीनमध्ये उबदार पिवळा घातला तर शेवाळी. हे संचातल्या तयार हिरव्यांनी शिकवलं नसतं. वाचलेले पैसे कागदावर घाला. जलरंगाला ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद, जमल्यास पूर्ण सुती. पातळ कागद ओला झाला की फुगतो, पाणी खळग्यांत साचतं आणि आपण उगीच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

नळीवरचं मोहक नाव सोडून रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक वाचायची सवय लावा. 'ह्यू' लिहिलेलं असेल तर मूळ द्रव्याऐवजी पर्यायी द्रव्य वापरलेलं असतं. ते वाईटच असतं असं नाही, पण मिसळल्यावर वेगळं वागू शकतं. पीआर ८३ या क्रमांकाचा गडद लाल रंग अ‍ॅलिझरिन क्रिमसन उजेडात उडतो. व्हॅन गॉगच्या १८८८ च्या शयनगृहाच्या चित्रातल्या आज निळ्या दिसणाऱ्या भिंती मुळात जांभळट होत्या, त्यातला लाल उडून गेला. माझ्या बहिणीला दिलेल्या गुलाबांच्या चित्राचंही तसंच झालं, म्हणून इतकं सांगतेय.

विषय निघालाच आहे तर एक सुरक्षेची गोष्ट. पुढे तैलरंगाकडे वळलात तर जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ढिगात टाकू नका. ते तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतं, त्यात उष्णता तयार होते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. माझ्या एकाही वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि वर्ग बदलायची वेळ आलीच तर नाव नोंदवण्याआधी एक तास नुसतं मागे बसू द्या म्हणा. भिंतीवरच्या चित्रांकडे बघू नका. विद्यार्थ्यांच्या समोर टेबलावर एखादी वस्तू मांडलेली आहे की फोन उभा केलेला आहे ते बघा. आणि कुणी अडलं की शिक्षक ब्रश मागतात की 'तुला तिथे काय दिसतंय?' असं विचारतात, ते ऐका.