थोरलीला कर्ज, धाकटीला फीमाफी

प्रश्न : ताई, माझी थोरली 2023 मध्ये पुण्यातून इंजिनीअर झाली. अर्धी फी माफ होती, तरी हॉस्टेल-मेस धरून सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज काढावं लागलं. आज तिचा पगार 25 हजार आणि हप्ता 10,700. धाकटी 2024 मध्ये इथंच नागपुरात इंजिनीअरिंगला लागली, तिची फी सरकारनं पूर्ण माफ केली. थोरली म्हणते, "आधी जन्मले हा माझा गुन्हा का, बाबा?" माझे दादा म्हणतात, आम्ही रुपयाचं कर्ज न काढता शिकलो, तिचं तिला फेडू दे. मी हिंगणा एमआयडीसीतून पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. ग्रॅच्युइटीतून सगळं फेडून टाकू का?
– एक वडील, मानेवाडा

उत्तर : भाऊ, ग्रॅच्युइटीला हात लावू नका. उद्या तुमच्या आजारपणाला पैसा लागला, तर तो याच दोन पोरींना उभा करावा लागेल.

तुमच्या दादांचं म्हणणं मात्र मला पटत नाही. मीही त्याच पिढीतली. आम्ही कर्जाशिवाय शिकलो, कारण आमच्या शिक्षणाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीनं उचलला होता. जागा मोजक्या होत्या, अनेकांना दारातूनच परत जावं लागलं, हेही खरं. पण 1983 पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजं निघाली, जागा वाढल्या आणि खर्च घरावर आला. तो निर्णय घेताना तुमची लेक जन्मलीही नव्हती.

बँकेत कर्जविभागात असताना मी असे हिशेब पुष्कळ पाहिले. दरवर्षी दीड लाख उचल, 10 टक्के दर, शिक्षणाची चार वर्षं आणि वरचं एक वर्ष सरळव्याज : सहा लाखांचे आठ लाख दहा हजार होतात. त्यावर 10 वर्षांची मुदत म्हणजे तुम्ही लिहिलाय तोच हप्ता. मुदत 15 वर्षांची असती तर हप्ता 8,700 बसला असता, पण आताच्यापेक्षा एकूण पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम जादा भरावी लागली असती. नोकरी गेली तरच मुदतवाढ मागा.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरच्या आयकर सवलतीचा उपयोग होईल असं कुणी सांगेल. व्याजावरची ती सूट फक्त जुन्या करप्रणालीत, आठ वर्षांपर्यंत मिळते. पण 25 हजार पगारावर मुळात करच लागत नाही, मग सूट कशातून मिळणार? ज्याला हप्ता जड जात नाही त्यालाच सवलत, हे मला फार खुपतं. ऑस्ट्रेलियात 1989 पासून पगार ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावरच, त्या प्रमाणात शैक्षणिक कर्जाची वसुली होते. आपल्याकडेही हप्ता पगाराला बांधला पाहिजे.

तुमच्या घरातला अन्याय मात्र तुम्हीच कमी करू शकता. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना पूर्ण फीमाफी मिळाली. ती नसती तर धाकटीची अर्धी फी तुम्ही भरलीच असती ना? तेवढी रक्कम नोकरी आहे तोवर दरवर्षी थोरलीच्या कर्जखात्यात भरा. धाकटीला हे उघड सांगा. कमावती झाल्यावर तिनंही थोडा हात लावावा. तुम्ही सहकर्जदार असालच, म्हणजे हप्ता चुकला तर तुमचाही सिबिल स्कोअर बिघडेल.

मुदतीआधी फेडण्याला दंड नाही. भरताना मात्र "ही रक्कम मुद्दलात वळती करावी, पुढच्या हप्त्यांत धरू नये" असा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.