कागद वेळेवर आला, म्हणजे देव हो म्हणाला?

फोंड्याच्या ज्या मुलीने प्रश्न विचारलाय तिच्यासाठी लिहितोय. तू म्हणतो, राग मानू नकोस, माझी थोरली तुझ्याच वयाची. आयर्लंडला नर्सची नोकरी मिळतेय, घरी आई एकटी, तिचे गुडघे गेलेले. आणि तू प्रभूपुढे ठरवलंयस की गुड फ्रायडेच्या आत पोलीस क्लिअरन्स हातात आला तर जायचं, नाही आला तर राहायचं. हे वाचल्यापासून मला चैन नाही, कारण हीच अक्कल मी २०११ साली चालवली होती.

प्रार्थना कर, वचन वाच, हे सांगत बसत नाही. ते तू करतेसच. आणि आधीच सांगतो, मी पाळक नाही की धर्मशास्त्र शिकलेलो नाही. मूळचा वेंगुर्ल्याचा, म्हापशात हार्डवेअरचं दुकान. जे लिहितोय ते भाजलेल्या हाताने लिहितोय, एवढंच.

आमच्या मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला स्टीलच्या ताटातून वचनाच्या चिठ्ठ्या फिरवतात. त्या वर्षी माझी निघाली प्रकटीकरण ३:८, उघडून ठेवलेल्या दाराचं वचन. पिवळा कागद, कडा कात्रीने वेड्यावाकड्या कापलेल्या. तो मी पाकिटात लायसन्सच्या मागे ठेवला. दोन महिन्यांत बार्देशात ३०० मीटरचा प्लॉट समोर आला. मालक म्हणाला, शुक्रवारपर्यंत इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. मी गुडघ्यावर बसून सांगितलं, प्रभू, जमिनीवर बोजा नसल्याचा दाखला शुक्रवारच्या आत आला तर ही तुझी इच्छा. ज्या कचेरीत (नाव घेत नाही) पंधरा-पंधरा दिवस चपला झिजतात, तिथून दाखला गुरुवारी साडेचारला हातात! मी स्कूटरवर बसून रडलो. रविवारी मंडळीपुढे साक्षसुद्धा दिली. ती आठवली की अजून कानशिलं गरम होतात.

बायको मात्र बुधवारीच म्हणाली होती, "एक-चौदावर (म्हणजे आमच्याकडचा सातबारा) अजून त्यांच्या मेलेल्या बापाचंच नाव आहे. आणि ती बहीण कुठेय? ती एकदाही दिसली नाही." मी काय म्हणालो असेन? "तुझा विश्वास कमी पडतो."

गोव्याबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा आहे. बाप गेला की जमीन सगळ्या मुलांची, मुलींचीही, आणि बहुतेक लग्नांत नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र असते. म्हणजे विकायला प्रत्येक वारसाची सही हवी, शिवाय त्याच्या जोडीदाराचीही. माझ्याकडे चार सह्या होत्या. लिस्बनला असलेल्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. अडीच लाख इसार दिला, व्यवहार अडकला, चार वर्षांत हप्त्याहप्त्याने ऐंशी हजार परत आले. बाकीचे गेले.

त्या कचेरीत मी तीन महिने खेटे घातले. ही खिडकी, ती खिडकी, जेवणाची सुट्टी, साहेब मडगावला गेलेत. शेवटी एकाने चष्मा कपाळावर चढवून सांगितलं, "दाखला बरोबरच आहे. नोंदलेला बोजा नाही असं त्यात लिहिलंय. वारस किती हे तुम्ही विचारलंत का?" तेव्हा त्याचा गळा धरावासा वाटला. सगळा व्यवहार त्याच्यासमोर बोलून दाखवला होता, तेव्हा एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण बोलला ते खरंच होतं. तो कागद एका साध्या प्रश्नाचं उत्तर होता आणि मी त्याला देवाची सही समजून बसलो. तुझा क्लिअरन्सही तसाच. तुझ्यावर गुन्हा नाही एवढंच तो सांगणार. आईचं काय करायचं हे त्याला कुठून कळणार? तो कधी येईल हे तर कुठल्या टेबलावर कोण रजेवर आहे यावर.

दार उघडलं म्हणजे देवाने उघडलं, असं म्हणणाऱ्यांनी योनाचा पहिला अध्याय वाचावा. देवापासून पळून याफोला गेला, तर तार्शीशला जाणारं जहाज तयार! भाडं द्यायला पैसेही होते. वर 'मनाला शांती आहे का?' म्हणाल, तर तळाशी जाऊन गाढ झोपला. दार उघडं, शांती भरपूर, दिशा चुकीची. आणि गिदोनाची लोकर पुढे करू नकोस (शास्ते ६). काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं, धीर होत नव्हता म्हणून त्याने लोकर जमिनीवर टाकून दवाचं चिन्ह मागितलं, तेही दोनदा.

आता माझं मत, पटलं तर घे. चिन्ह मागितलं की माणसांना विचारायचं टळतं. मी तेच टाळलं होतं. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये एवढा मोठा वाद, पण तो त्यांनी बसून, बोलून मिटवला आणि मग लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हांला योग्य वाटलं. १६ व्या अध्यायात दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, तरी अनुमान सगळ्यांनी मिळून काढलं.

कामाची गोष्ट मला एका कॅथलिक शेजाऱ्याने सांगितली. आम्ही नोव्हेनाला (कॅथलिकांची नऊ दिवसांची प्रार्थना) जात नाही, पण त्यांना जुन्या गोव्याला स्कूटरवर सोडायला गेलो होतो. १५४२ साली गोव्यात आलेल्या संत झेवियरचे सोबती म्हणा, पुढारी म्हणा, ते संत इग्नेशियस. १५२२ मध्ये वाटेत येशूची आई मरिया हिच्यावरून एका मूर (मुसलमान) माणसाशी त्यांचा वाद झाला. त्याच्या मागे जाऊन सुरा खुपसावा की नको हे ठरेना, म्हणून त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला, जाईल तिकडे जाऊ. नशिबाने खेचराने दुसरी वाट धरली. हेच गृहस्थ पुढे निर्णय कसा घ्यावा हे शिकवायला लागले! त्यांचे 'आध्यात्मिक व्यायाम' १५४८ मध्ये छापले गेले. त्यात खेचर नाही. जाण्याचे फायदे-तोटे आणि राहण्याचे फायदे-तोटे वेगवेगळे मांड. अनोळखी माणूस हाच पेच घेऊन आला तर त्याला काय सांगशील ते बघ. मरणाच्या वेळी कुठला निर्णय घेतलेला बरा वाटेल ते बघ. आणि मन कोरडं, खचलेलं असताना आधी ठरवलेलं बदलू नकोस. नाइट ड्युटी करून आल्यावर तर मुळीच ठरवू नकोस, हे माझं. मी पुढचं घर घेताना विजेच्या बिलामागे चार रकाने आखले होते, एक बायकोने भरला.

जाता जाता: क्लिअरन्स किती जुना चालतो ते तिकडच्या लोकांना आधी विचार, नाहीतर लवकर काढून पुन्हा काढावा लागायचा. जमिनीच्या भानगडीत कुणी असेल तर वकील गाठा, माझ्या भरवशावर राहू नका.

आणि एक. तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. आईचे गुडघे आहेत, आईचं एकटेपण आहे, आई काय म्हणाली ते कुठेच नाही. तिला विचारलंस का?